कोकराच्या वाटणीचं तेल

आमच्या घरात कुणाला काही झालं की सगळ्यांचा हात आधी तेलाकडं जातो. पोराचा गुडघा फुटला, लाव तेल. कान ठणकतोय, सोड कोमट थेंब. कुणी रुसून बसलं तर अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याला ओढून पाटावर बसवतात आणि टाळूवर तेल थापतात. निम्मा रुसवा तिथंच उतरतो. लाकडी घाण्याचं घर आहे आमचं, मोडनिंबपासून थोडं आत, कालव्याच्या अलीकडं. करडई आणि शेंगा गाळतो. शेंगा म्हणजे शेंगदाणे, हे लांबच्या गिऱ्हाइकांना समजावून सांगावं लागतं.

मी अक्कलकोटकडची. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, या घरातल्या पाण्यालासुद्धा करडईचा वास येतो. आता माहेरी गेले की आई म्हणते, तू दारात यायच्या आधी तुझा वास येतो. मी म्हणते, येऊ दे की, चांगला वास आहे.

या घरची एक रीत आहे. सकाळी घाणा सुरू झाला की पहिल्या धारेचं तेल विकायचं नाही. त्यातलं थोडं देवापुढच्या दिव्यात जातं आणि बाकीचं, त्या दिवशी दारात जो पहिला येईल त्याच्या तळहातावर. मग तो गिऱ्हाईक असो, पोस्टमन असो, नाहीतर रस्ता विचारायला थांबलेला ट्रकवाला. येणाऱ्या-जाणाऱ्याला आता सवय झालीय. हात पुढं करतात, कुणी चाटतं, कुणी डोक्याला पुसतं आणि आपल्या वाटेनं जातं. ही रीत जरा ध्यानात ठेवा, पुढं निम्मा घोळ तिनंच घातला.

अप्पा, माझे सासरे, उभं आयुष्य बैलामागं घाण्याभोवती चालले. पुढं मोटर आली, बैल गेला, घाणा माझ्या नवऱ्याच्या हातात आला. तरी अप्पा रोज सकाळी घाण्याशेजारी जुन्या पोत्यावर जाऊन बसायचे आणि नुसत्या वासावरून सांगायचे, करडई जरा ओली हाय, आज तेल कमी पडंल. त्यांच्या तळहातात तेल इतकं मुरलंय की साबणानं कितीही धुवा, वास जात नाही.

दोन वर्षांमागं पावसाळा सरता सरता त्यांच्या छातीत कळ आली. सोलापूरला नेलं, हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली, देवाच्या दयेनं माणूस घरी आला. निघताना तिथल्या डॉक्टरांनी दोनच गोष्टी निक्षून सांगितल्या. तेल कमी करायचं आणि रोज चालायचं.

अप्पांनी विचारलं, "कुठलं तेल? पाकिटातलं न्हवं?"

"सगळंच, आजोबा. कुठलंही असलं तरी तेल ते तेल."

अप्पांचा चेहरा असा झाला की मला डॉक्टरांचाच राग आला. ज्या माणसानं भाकरीवर चटणीचा ढीग करून, त्यात बोटानं आळं पाडून, वर तेलाची धार सोडल्याशिवाय कधी घास घेतला नाही, त्याला हे सांगायचं म्हणजे काय. पण राग आला तरी मी ऐकणारी बाई आहे, आणि एकदा ऐकलं की दुसऱ्यांना ऐकायला लावणारी. घरी आल्याबरोबर एक लहानशी स्टीलची वाटी काढली. रोज सकाळी त्यात अप्पांचं दिवसभराचं तेल मोजून ठेवायचे आणि बजावायचे, ही तुमची वाटणी, तीन वेळा पुरवून खा, यावर मागायचं नाही. अप्पांनी एकदाही मागितलं नाही. वाटी रोज रिकामी होऊन मोरीत यायची आणि मी मनात म्हणायचे, बघा, कसं वळण लावलं.

चालायचं मात्र त्यांनी साफ नाकारलं. "आयुष्यभर चालतोयच की. आता आनी कुटं चालू?"

"सरळ चाला, कालव्यापर्यंत."

"सरळ कदी चाललोय मी," असं म्हणून ते पोत्यावर बसून राहिले. दिवसेंदिवस बोलणं कमी झालं. औषधं वेळेवर घेत होते, पण त्यांच्यातलं काहीतरी विझत चाललंय हे सगळ्यांना दिसत होतं.

दिवाळी झाली आणि दरवर्षीप्रमाणं आमच्या रानात मेंढरं बसायला आली. खतासाठी आम्ही बसवतो. कळप सांगोल्याकडचा, एक म्हातारी धनगरीण आणि तिचं खटलं. मी तिला मावशी म्हणते. त्या वर्षी तिच्या एका मेंढीला जुळं झालं होतं आणि मेंढीला दूध एकाच्याच पुरतं. दुसरं कोकरू, मादी, उभं राहायचं आणि पायांची घडी होऊन खाली बसायचं. कळपाला पुढं बार्शीकडं जायचं होतं. मावशीनं ते उचलून आमच्या ओट्यावर आणून ठेवलं.

"हे वाटंत मरंल, बाय. तुमच्याकडं गाईचं दूध हाय, जगवा. पन हाय ते माझंच, सांगून ठेवती. परतीला येईन तवा नेईन."

अव्वांनी विचारलं, "आन अशक्तच राहिलं तर?"

मावशीनं तोंड फिरवलं. "कळपासंगं चालाय आलं तर माझ्यात राहील, पिलं देईल. चालाय न्हाय आलं तर बाजार दाखवावा लागंल. आमचं पोटच चालन्यावर हाय."

बाजार म्हणजे खाटीक, हे सांगायला नको. आमच्या घरात अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. मावशी गेली. कोकरू बाटली तोंडात घेईना. मी बाटली घालतेय, ते मान काढून घेतंय. मी वैतागून म्हटलं, "मर मग." तेवढ्यात अप्पा पोत्यावरून उठून आले आणि त्यांनी आपलं बोट त्याच्या तोंडाला लावलं. कोकरानं हुंगलं आणि बोट चोखायला लागलं. त्यांनी हळूच बोटाशेजारी बाटली सरकवली. अप्पा कितीतरी दिवसांनी हसले. "वास आवडला बघ त्येला," म्हणाले. त्या दिवसापासून कोकरू अप्पांचं झालं.

थंडी सरली तोवर ते चारा खायला लागलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई गाईला लस टोचायला स्कूटीवरून आल्या, तेव्हा अप्पांनीच त्यांना विचारलं, "ह्येला तेल दिलं तर चालंल का वो? अंग धरंल लवकर."

"चालेल की. वाढत्या कोकराला थोडं तेल अंगी लागतं," त्या म्हणाल्या. "पण थोडं म्हणजे थोडंच. एक चमचा, आंबोणात नीट कालवून. वरून पाजायचं नाही."

आंबोण म्हणजे भरडा, चुनी आणि करडईची पेंड. ते कालवायचं काम माझ्याकडं होतं. मी चमचा मोजून तेल घालायचे, अगदी सपाट चमचा. बघता बघता कोकरू भरलं. लोकर अशी चकाकायला लागली की हात लावला तर मऊ तुपासारखी. आल्यागेल्याला अव्वा ते नव्या सुनेसारखं दाखवायच्या. फक्त चालायचं नाव नाही. दारातून घाण्याकडं, घाण्याभोवती एक फेरी, अप्पांच्या पायाशी बसकण. जसा मालक तसं जनावर, असं मी म्हणायचे, आणि अप्पा ऐकू न आल्यासारखं करायचे.

उन्हाळा तापला आणि मावशीचा फोन आला. "बार्शी सोडली आमी. सावकाश येतोय. कोकरू चालतंय न्हवं?"

नवऱ्यानं "हां, हां" म्हणून फोन ठेवला. त्याच दिवशी सकाळपासून कोकरानं आंबोणाला तोंड लावलं नव्हतं. पोट तट्ट, लेंड्या पातळ, रवंथ बंद. एका कुशीवर पडून नुसतं बघत होतं. अप्पा त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. दुपारी जेवायलाही उठले नाहीत. मी दोनदा हाक मारली, तर म्हणाले, "ते खाईना, मी काय खाऊ?" आता मात्र मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. कोकराचं एक, पण हा माणूस तर नुकताच हातातून जाता जाता राहिला होता.

डॉक्टरीणबाई आल्या. पोट दाबून बघितलं, कानातली नळी लावून ऐकलं, लेंडी बोटांत चोळून हुंगली.

"तेल किती देता?"

मी ताठ मानेनं सांगितलं, "तुम्ही सांगितला तेवढाच चमचा. एक थेंब जास्त नाही."

"ताई, हे चमच्याचं काम नाही."

दारातून अव्वा बारीक आवाजात म्हणाल्या, "दुपारी मी भाकरीचा तुकडा देती. जरा तेलात बुडवून. मुक्या जिवाला कोरडी कशी द्यायची?"

बाईंनी माझ्या नवऱ्याकडं बघितलं. तो मान खाजवायला लागला. "सकाळी दारात तेच पहिलं येतंय. रोज. पहिली धार मग... दुसऱ्या कुणाला देणार?"

"म्हणजे किती?"

"धार म्हणजे धार, मॅडम."

मी त्याच्यावर डोळे वटारणार होते, एवढ्यात मला फोडणीच्या कढईची आठवण झाली. रोज भाजी काढल्यावर कढईच्या बुडाला जे तेल राहतं, ते वाया जाऊ नये म्हणून मी भाकरीच्या तुकड्यानं पुसून कोकराला घालत होते. रोज. आणि ते तेल माझ्या हिशेबात धरायचं माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी तेही सांगितलं. माझी ताठ मान कुठल्या कुठं गेली.

आता अप्पाच राहिले होते. अव्वांनी विचारलं, "तुमी वो?"

"माझ्या वाटनीचं दिलं," अप्पा म्हणाले.

"वाटीतलं?"

"व्हय."

"सगळं?"

"मग काय अर्दं देऊ?"

डॉक्टरीणबाई सगळ्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. "हे कोकरू आहे का समई?" असं म्हणाल्या आणि अव्वांना हसू फुटलं. मग बाईंनी नीट समजावलं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा मुरवणारे बारीक जीव असतात. तेल थोडं असलं तर सोसतं. जास्त झालं की चाऱ्यावर त्याचा थर बसतो, ते जीव काम थांबवतात आणि खाल्लेला चारा नुसता पडून राहतो. त्यांनी औषध पाजलं आणि सांगितलं, तेल पूर्ण बंद, पेंडही बंद, नुसता कोरडा कडबा आणि गुळाचं पाणी. "उठलं की चालवा. रोज चालवा. पोटही सुटेल आणि पायही."

त्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि मला रडू आलं. कोकरासाठी नाही. इतके महिने माझी पाठ वळली की तो माणूस वाटीतलं तेल दारातल्या कोकराला देऊन कोरडी भाकरी कोरड्या चटणीशी खात होता आणि मी त्याला वळण लावलं म्हणून मिरवत होते. तपासण्या एवढ्या चांगल्या येतायत कशा, याचं सोलापूरच्या डॉक्टरांना नवल वाटायचं, ते काही उगीच नव्हतं.

मी डोळे पुसून बाहेर आले ते भांडायलाच. "अप्पा, मी वाटी तुमच्यासाठी भरत होते. कोरडं खायचं होतं तर सांगायचं तरी."

अप्पांचा हात कोकराच्या पाठीवर होता. "मला डाक्टरनं न्हाय म्हटलं हुतं. ह्येला कुनी न्हाय म्हटलं न्हवतं. दारात आलेल्याला आमी कदी तेलाबिगर धाडलं न्हाय, पोरी. म्हटलं, माझ्यात काय बळ आता येत न्हाय, ह्येच्यात तरी यावं. चालत गेलं पायजे ते. बाजाराला गेलं तर मी ह्या पोत्यावर बसून काय करू?"

मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "बळ तेलानं येत नाही अप्पा, चालल्यानं येतं. डॉक्टरांनी तुम्हालाही तेच सांगितलंय आणि त्यालाही."

कोकरू उठायला काही दिवस गेले. एका सकाळी अव्वांनी हाक मारून दाखवलं. ते भिंतीला टेकून उभं होतं आणि तोंड हलत होतं. रवंथ सुरू झाला होता. आमचा जीव भांड्यात पडला. अप्पांनी टोपी घातली, चपला घातल्या आणि त्याला घेऊन फाटकाबाहेर पडले.

पहिल्या दिवशी दोघं रस्त्याकडच्या बाभळीपर्यंत जाऊन परत आले. गंमत अशी की अप्पांना खरंच सरळ चालता यायचं नाही. आयुष्यभर गोल फिरलेले पाय. रस्त्यावर चालताना एका अंगाला ओढ घ्यायचे, आणि कोकरू त्यांच्यामागं तसंच तिरकं. नवरा हसायचा, मी त्याला गप्प करायचे. मग रोज सकाळी आणि ऊन उतरल्यावर, बाभळीच्या पुढं, मग कालव्यापर्यंत, मग कालव्याच्या कडेनं. परत आले की दोघंही धापा टाकत पाणी प्यायचे. अप्पांच्या तोंडावर रंग आला. ते पुन्हा बोलायला लागले, जास्त करून कोकराबद्दल, पण बोलायला लागले. सकाळी कोकरू घाण्याशी पहिलं येऊन उभं राहायचं तेव्हा नवरा धार घेऊन आत वळायचा आणि ते आपलं बघत राहायचं. मला वाईट वाटायचं. डोळे मिटून मी कडबा टाकायचे.

मावशीचा कळप आला तो सकाळीच. मावशीनं कोकरू पायांत धरलं, पाठीचा कणा चाचपला, तोंड उघडून दात बघितले. "अंगानं झ्याक केलंय," म्हणाली. "आता चालतंय का बघू." आणि त्याला कळपात ढकललं.

कोकरू घाबरलं. एवढी मेंढरं त्यानं कळतं झाल्यापासून बघितली नव्हती. मुसंडी मारून बाहेर आलं आणि अप्पांच्या पायांत शिरलं. मावशीनं पुन्हा ढकललं, ते पुन्हा आलं आणि अप्पांभोवती गोल फिरायला लागलं. मावशीचा चेहरा उतरला. "अप्पा, लई माणसाळलंय. असलं मागं राहतं आन गाडीखाली येतं. अशाचं मला काय करावं लागतं ते तुमाला ठावं हाय."

मी अप्पांकडं बघायचं टाळलं. अप्पा घाण्याकडं गेले. धार नुकतीच लागली होती. त्यांनी नवऱ्यापुढं तळहात धरला आणि म्हणाले, "घाल."

तेलाचा तो हात पाठीमागं धरून ते कळपाच्या पुढं चालायला लागले. कोकरू हात हुंगत मागोमाग निघालं. त्याच्यामागं मेंढरं, त्यांच्यामागं मावशी. मी फाटकातून ओरडले, "अप्पा, ऊन वाढतंय, गोळी घेतलीय का?"

"घेतली," त्यांनी मागं न बघता सांगितलं.

नवरा गाडी काढून सावकाश त्यांच्यामागं गेला. पुढचं त्यानं मला सांगितलं. बाभूळ गेली, कालवा गेला. अप्पा चालत कधी गेले नव्हते तिथवर गेले, पार हायवेखालच्या बोगद्यापर्यंत. सरळ चालत होते म्हणे, कुठंच ओढ न घेता. तोवर कोकराचं जुळं भावंड त्याच्या बाजूला येऊन खांद्याला खांदा घासत चालायला लागलं होतं. बोगद्याच्या तोंडाशी अप्पा बाजूला झाले. खाली वाकले, मूठभर माती घेतली आणि हात चोळ चोळ चोळला. कोकरू थांबलं, त्यानं हात हुंगला, अप्पांनी उलटा केला तसा पुन्हा हुंगला. काही मिळालं नाही. ते थोडा वेळ अप्पांच्या तोंडाकडं बघत उभं राहिलं. मग भावंडाच्या मागं पळत बोगद्यातून पलीकडं गेलं. मावशी जाताना अप्पांच्या पाया पडली.

नवऱ्यानं गाडीवर बसा म्हटलं तर बसले नाहीत. चालत घरी आले, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसले. मी भाकरी वाढली, चटणी वाढली. त्यांनी चटणीत बोटानं आळं पाडलं.

"तेल घाल," म्हणाले. "माझ्या वाटनीचं."

मी वाटी उचलली. त्यांच्याकडंच बघत ओतलं, त्यामुळं एका वेळच्या वाटणीपेक्षा थोडं जास्तच पडलं असेल, मला ठाऊक नाही. अप्पा सावकाश जेवले. सगळी भाकरी संपली तेव्हा एक तुकडा तेलात बुडवून त्यांनी सवयीनं ताटाच्या कडेला ठेवला आणि दाराकडं बघितलं. दारात कुणी नव्हतं. मग तो तुकडा त्यांनी स्वतःच खाल्ला.